विश्लेषण : ‘हाताने विणलेली’ पिशवी फक्त १०० बाटला? चियांग माईचा रविवारचा रात्रबाजार कसा चालतो, तिथे काय खावे आणि काय पारखून घ्यावे?

रविवारी दुपारी चारच्या सुमारास थायलंडमधील चियांग माई शहरात एक साधा बदल होतो. जुन्या शहराच्या मधोमध जाणारा रस्ता वाहनांसाठी बंद केला जातो. हातगाड्या, लोखंडी सांगाडे, चटया, गॅसच्या शेगड्या आणि दिव्यांच्या माळा बाहेर येतात आणि अंधार पडेपर्यंत सुमारे एक किलोमीटरचा हा रस्ता माणसांनी भरून जातो. रात्री अकराच्या सुमारास सगळे आवरले जाते. सोमवारी सकाळी त्याच रस्त्यावरून पुन्हा मोटारी धावतात.

२०२४ या एका वर्षात २० लाखांहून अधिक भारतीय पर्यटक थायलंडला गेले. बहुतेकांचा प्रवास बँकॉक, पटाया आणि फुकेत असा होत असला, तरी उत्तरेकडच्या चियांग माईकडे वळणारे मराठी पर्यटकही कमी नाहीत. या बाजारातून ‘हस्तकला’ म्हणून आणलेली पिशवी किंवा ओढणी अनेक घरांत सापडते. पण ती खरोखर कुणाच्या तरी हाताने विणलेली असते का? हा बाजार नेमका काय आहे, तिथे खायला काय मिळते, शाकाहारी लोकांनी काय विचारावे आणि खरी हस्तकला कशी ओळखावी, हे जाणून घेऊ.

हा बाजार नेमका कुठे भरतो?

चियांग माई हे बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ७०० किलोमीटरवरचे शहर. राजा मेंगराय याने ते १२९६ मध्ये वसवले. ‘चियांग माई’ या नावाचा अर्थच ‘नवे शहर’. लान्ना या स्वतंत्र राज्याची ती राजधानी होती. जुने शहर चौकोनी आहे. प्रत्येक बाजू साधारण दीड किलोमीटर आणि चारही बाजूंनी खंदक. आजही नकाशावर हा चौकोन चटकन ओळखू येतो.

या चौकोनाच्या पूर्वेकडील वेस म्हणजे था फे गेट. तिथून पश्चिमेला वाट फ्रा सिंग या मंदिराकडे जाणारा रस्ता म्हणजे राचादम्नोन. रविवारचा बाजार याच रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांमध्ये भरतो. थाई भाषेत त्याला ‘थानोन खोन डोन’, म्हणजे ‘चालणाऱ्यांचा रस्ता’ असे म्हणतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. चियांग माईत ‘नाइट बझार’ नावाचा आणखी एक बाजार आहे. तो खंदकाच्या बाहेर, चांग खलान रस्त्यावर रोज रात्री भरतो आणि बहुतांशी पर्यटकांसाठीच आहे. रविवारचा बाजार वेगळा. शिवाय शनिवारी शहराच्या दक्षिणेला वुआलाय रस्त्यावर तिसरा बाजार भरतो. त्यामुळे हॉटेलात चौकशी करताना नुसते ‘नाइट मार्केट’ म्हटले, तर रिक्षावाला भलत्याच ठिकाणी सोडण्याची शक्यता जास्त.

आठवडी बाजाराशी याचे नाते काय?

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. ठरलेला वार, ठरलेली जागा, आसपासच्या गावांतून येणारा माल आणि संध्याकाळी रिकामे होणारे मैदान, हे आपल्या आठवडी बाजाराचेच वर्णन आहे. गोव्यात हणजूणचा बुधवारचा आणि हडफडेचा शनिवारी रात्रीचा बाजार पाहिलेल्यांना तर चियांग माईचे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

फरक वेळेचा आहे. उत्तर थायलंडमध्ये दुपारचा उकाडा त्रासदायक असतो. रात्री हवा सुटते, नोकरी करणारी स्थानिक मंडळी मोकळी होतात आणि दिवसभर मंदिरे पाहून आलेले पर्यटकही भुकेलेले असतात. ग्राहकाचे हे दोन्ही गट एकाच वेळी रस्त्यावर असतात. केवळ पर्यटकांवर चालणाऱ्या बाजारात भाव चढतात आणि चव उतरते. केवळ स्थानिकांवर चालणाऱ्या बाजारात कलाकुसरीला गिऱ्हाईक कमी. इथे दोघेही असल्याने पाच बाटच्या पदार्थापासून पाच हजार बाटच्या वस्त्रापर्यंत सगळे एकाच रस्त्यावर विकले जाते. (एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये.)

सहा वाजता सगळे का थांबतात?

पहिल्यांदा जाणाऱ्याला चकित करणारी एक गोष्ट बरोबर सहा वाजता घडते. ध्वनिवर्धकावरून थायलंडचे राष्ट्रगीत सुरू होते आणि अख्खा रस्ता जागच्या जागी थांबतो. तळणीवरचा झारा, सुटे पैसे मोजणारा हात, फोटो काढणारा पर्यटक, सारे उभे. राष्ट्रगीत संपले की क्षणात पुन्हा गलका. थायलंडमध्ये रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत वाजते. पर्यटकांनीही त्या वेळी थांबून उभे राहावे, अशी अपेक्षा असते.

बाजारात शिरायची सर्वांत चांगली वेळही हीच. पाच ते साडेसहाच्या दरम्यान गर्दी बेताची असते, विक्रेत्याला बोलायला सवड असते आणि वस्तू उलटूनपालटून पाहता येते. सातनंतर माणसांचा ओघ इतका दाट होतो, की एखाद्या दुकानापाशी थांबणेही अवघड. लहान मुले किंवा ज्येष्ठ नागरिक सोबत असतील, तर लवकर जाऊन लवकर निघणे उत्तम.

खायला काय मिळते?

खाण्याचा मोठा भाग रस्त्यावर नसून मंदिरांच्या आवारात असतो. वाट म्हणजे बौद्ध मठ-मंदिर. रस्त्याला लागून असलेल्या वाट फान ओनसारख्या मंदिरांची आवारे रविवारी खाऊगल्ली होतात. सोनेरी स्तूपाच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबले मांडलेली असतात. रस्ता चालण्यासाठी आणि आवार बसून खाण्यासाठी, अशी विभागणी झाल्यामुळे शेगड्या आणि धूर मुख्य गर्दीपासून थोडे दूर राहतात.

पदार्थांपैकी काही मराठी जिभेला अनपेक्षितपणे ओळखीचे लागतात.

खानोम क्रोक : तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांचे मिश्रण खळग्यांच्या बिडाच्या तव्यात ओततात. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊसर. तवा पाहिला की कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडून ‘अरे, हे तर आप्पेपात्र!’ असेच निघेल. वरून कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे घालतात. चव गोड-खारट.

नाम प्रिक नुम : हिरव्या मिरच्या, छोटे कांदे आणि लसूण निखाऱ्यावर भाजून खलबत्त्यात कुटतात. आपल्या ठेच्याचा हा थेट चुलतभाऊ. चिकट भाताचा गोळा त्यात बुडवून खातात. मात्र यात अनेकदा माशाचा रस किंवा आंबवलेला मासा असतो.

खाओ सोय : ही उत्तर थायलंडची खास ओळख. नारळाच्या दुधातील मसालेदार रश्श्यात अंड्याच्या शेवया, वर तळलेल्या कुरकुरीत शेवया आणि बाजूला आंबवलेली मोहरीची पाने, कच्चा कांदा, लिंबू. चीनच्या युनान प्रांतातून खेचरांच्या तांड्यासह येणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांबरोबर हा पदार्थ इथे आला, असे मानले जाते. त्यामुळे त्यात बहुधा कोंबडीचे किंवा गोमांस असते. ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

साइ उआ : गवती चहा, मिरची आणि मक्रुत लिंबाची पाने घालून केलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज. निखाऱ्यावर गोल वेटोळे करून भाजतात. गवती चहाचा वास दुरूनच येतो.

रोटी : होय, नाव तेच. दक्षिण आशियातून आलेल्या मुस्लिम स्थलांतरितांबरोबर रोटी थायलंडमध्ये पोचली आणि तिथे तिने गोड रूप घेतले. मैद्याचा गोळा पातळ ताणून, भरपूर तुपा-लोण्यात भाजून, आत केळ्याचे काप आणि वर आटवलेले दूध.

आंबा आणि चिकट भात : नारळाच्या दुधात मुरलेला भात आणि पिकलेला आंबा. तिथेही आंब्याचा खरा हंगाम एप्रिल-मेचाच. इतर महिन्यांत मिळतो, पण भाव जास्त.

छोट्या पदार्थांना साधारण २० ते ५० बाट आणि पोटभर जेवणाला ५० ते १०० बाट लागतात. स्थानिक लोक क्यूआर कोडने पैसे देतात. पर्यटकांनी मात्र २०, ५० आणि १०० बाटच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

शाकाहारी लोकांनी काय विचारावे?

थायलंडमध्ये ‘नो मीट’ म्हटल्यावर मांसाचे तुकडे वगळले जातात, पण माशाचा रस राहतोच. तो तिथे मिठासारखा वापरला जातो. पपईच्या ‘सोम ताम’ कोशिंबिरीतही माशाचा रस आणि बहुतेक वेळा सुका जवळा असतो.

यावर उपाय म्हणजे ‘जे’ हा शब्द. ‘जे’ हा चिनी-बौद्ध परंपरेतला आहारप्रकार. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य. अशा दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असते. थाई वाचता येत नसले तरी ते इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ‘किन जे’ म्हणजे ‘मी जे खातो’ आणि ‘मै साइ नाम प्ला’ म्हणजे ‘माशाचा रस घालू नका’. जैन वाचकांनी लक्षात घ्यावे, की ‘जे’ आहारात बटाटा-गाजरासारखे कंद चालतात.

पोट सांभाळण्याचा नियम तापमानाचा आहे. शिजवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूचनांचा हाच आधार आहे. म्हणून समोर भाजून, तळून किंवा वाफ निघताना वाढलेला पदार्थ घ्यावा. तासाभरापूर्वी तळून पसरून ठेवलेला टाळावा. ज्या दुकानापुढे स्थानिकांची रांग आहे, तिथला माल लवकर संपतो आणि म्हणून ताजा असतो. रांगेचा अर्थ चवीइतकाच ताजेपणाचाही आहे.

कलाकुसर कुणाची?

चियांग माईला युनेस्कोने २०१७ मध्ये हस्तकला आणि लोककला या गटात ‘सर्जनशील शहर’ म्हणून निवडले. त्यामागे आसपासच्या गावांचे जाळे आहे. बो सांग हे कागदी छत्र्यांचे गाव. तुतीच्या जातीतील एका झाडाची साल उकळून, कुटून, पाण्यात तरंगवून आणि चाळणीवर उन्हात वाळवून ‘सा’ नावाचा कागद तिथे छत्र्यांना लागतो. बान तवाय हे लाकडी कोरीवकामाचे गाव. शनिवारचा बाजार भरतो तो वुआलाय भाग चांदीच्या कारागिरांचा. तिथल्या वाट सी सुफान मंदिराचा मुख्य गाभारा चांदी आणि ॲल्युमिनियमच्या ठोकीव पत्र्यांनी मढवला आहे. मात्र त्या गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेश नाही.

याखेरीज डोंगराळ भागातील जमाती आहेत. म्होंग समाजातील स्त्रिया मेणाने रेखाटून निळीत रंगवलेले कापड आणि बारीक भरतकाम करतात. कारेन स्त्रिया कमरेला बांधायच्या मागावर कापड विणतात आणि त्यावर एका गवताच्या मण्यांसारख्या पांढऱ्या बिया शिवतात. आखा स्त्रियांची चांदीच्या नाण्यांनी सजलेली टोपी प्रसिद्ध आहे.

या डोंगरांत एकेकाळी अफूची शेती मोठ्या प्रमाणात होत असे. तिला पर्याय देण्यासाठी राजे भूमिबोल यांनी १९६९ मध्ये ‘रॉयल प्रोजेक्ट’ सुरू केला आणि फळे, भाज्या, कॉफी अशी पिके आणली. राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये ग्रामीण हस्तकलेला मदत करणारी संस्था उभी राहिली. २००१ मध्ये थायलंड सरकारने ‘एक तांबोन, एक उत्पादन’ ही योजना आणली. तांबोन म्हणजे आपल्याकडच्या गावांच्या गटासारखे क्षेत्र. जपानच्या ओइता प्रांतातील ‘एक गाव, एक उत्पादन’ चळवळीवरून ती घेतलेली होती. भारतातील ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेचे मूळही त्याच कल्पनेत आहे.

मग १०० बाटच्या पिशवीचे गणित काय सांगते?

रविवारच्या बाजारात ‘हँडमेड’ अशी पाटी लावलेली कापडी पिशवी १०० बाटला सहज मिळते. ती खरेच हाताने विणलेली असू शकते का?

१ जानेवारी २०२५ पासून चियांग माई शहर तालुक्यात किमान वेतन दिवसाला ३८० बाट आहे. आठ तासांचा दिवस धरला, तर १०० बाट म्हणजे जेमतेम दोन तासांची मजुरी. त्यातच सूत, रंग, अस्तर, शिलाई, डोंगरातून शहरापर्यंतचे भाडे आणि जागेचा खर्च बसवायचा. आता समजा, एका पिशवीचे कापड विणायला आणि शिवायला दोन दिवस लागतात. नुसती मजुरीच ७६० बाट होते. म्हणजे १०० बाटची पिशवी एक तर यंत्रावर बनली आहे किंवा ती विणणारीला किमान वेतनाच्या कितीतरी खाली पैसे मिळाले आहेत. तिसरी शक्यता फारशी उरत नाही.

अपवाद आहे तो छोट्या वस्तूंचा. जुन्या म्होंग घागऱ्यांचे तुकडे कापून केलेली केसांची क्लिप, किल्लीची साखळी किंवा नाण्यांचे पाकीट स्वस्त असूनही खरे असू शकते. त्यातील भरतकाम जुने असते आणि नव्याने करायची असते ती फक्त शिलाई.

यंत्रावर केलेला माल विकणे हा गुन्हा नाही. प्रश्न दाव्याचा आहे. पर्यटकांत लोकप्रिय असलेल्या हत्तीच्या छापाच्या ढगळ विजारींचेच पाहा. चीनमधून स्वस्त नकला येऊ लागल्याने स्थानिक उत्पादकांचे नुकसान होत असल्याची ओरड झाली आणि २०२४ च्या सुरुवातीला थायलंड सरकारला त्या आयातीला आळा घालण्याची भाषा करावी लागली. साध्या छापील विजारीची ही स्थिती असेल, तर महिनाभर सुईने भरलेल्या कापडाशेजारी त्याचीच छापील नक्कल दहाव्या हिश्श्याच्या भावात टांगली जाते तेव्हा काय होते, हे वेगळे सांगायला नको. घाईतल्या गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच दिसतात.

कारागीर स्त्रीसाठी याचे महत्त्व एवढे का?

उत्तर थायलंडच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या राहूनही अनेकांकडे नागरिकत्व नाही. कागदपत्रांअभावी चांगली नोकरी, बँकेचे कर्ज आणि काहींना तर स्वतःच्या प्रांताबाहेर विनापरवानगी जाणेही अवघड असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने अशा सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांचा कायमस्वरूपी निवास आणि नागरिकत्वाचा मार्ग सोपा करण्यास मंजुरी दिली. एवढ्या आकड्यावरूनच प्रश्नाचा आवाका कळतो.

ज्यांच्यासाठी इतर दारे अर्धवट बंद आहेत, त्यांना हातातील कला थेट ग्राहकाला विकण्याची संधी मोलाची असते. पण बाजार आठवड्यातून एकदाच. एखादा रविवार पावसात गेला, की पुढची कमाई थेट सात दिवसांनी. करोनाकाळात हा धोका टोकाला गेला. २०१९ मध्ये थायलंडला जवळपास ४ कोटी परदेशी पर्यटक आले होते. २०२१ मध्ये हा आकडा सुमारे सव्वाचार लाखांवर घसरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदीने विक्रमी पातळी गाठली आणि नदीकाठचा भाग, तिथला रोजचा नाइट बझार परिसर पाण्याखाली गेला. शिवाय दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतातील आणि जंगलातील आगींचा धूर शहरावर साचतो. त्या काळात जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माई अनेकदा वरच्या क्रमांकावर असते. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे महिने टाळावेत. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला.

खरी हस्तकला कशी ओळखावी?

पैठणी पारखणाऱ्या मराठी घरांना यातला पहिला नियम ठाऊक आहे. हातमागावरच्या पैठणीचा काठ आणि पदर उलट बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो. तोच नियम इथेही लावता येतो.

- भरतकाम उलटून पाहा. यंत्राच्या भरतकामात मागच्या बाजूला बहुधा एकाच रंगाचा, बऱ्याचदा पांढरा दोरा सलग दिसतो. हाताच्या कामात समोरचेच रंग मागे दिसतात, गाठी आणि वळणे थोडी अनियमित असतात.
- विणीची रुंदी पाहा. कमरेच्या मागावर कापडाची रुंदी विणकरीच्या अंगाच्या रुंदीएवढीच होते. त्यामुळे कारेन पद्धतीचा मोठा सदरा किंवा चादर पट्ट्या जोडून केलेली असते. मधली शिवण हा इथे खरेपणाचा पुरावा आहे.
- मेणाच्या रंगकामाच्या दोन्ही बाजू पाहा. निळीत बुडवलेल्या कापडाचा रंग आरपार जातो. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. नक्षीतील प्रत्येक फूल हुबेहूब सारखे असेल, तर ते छापलेले समजावे.
- सा कागद उजेडासमोर धरा. लांब तंतू विखुरलेले दिसतात आणि तो सरळ रेषेत फाटत नाही.
- चांदीवर ९२५ चा शिक्का शोधा. याचा अर्थ ९२.५ टक्के चांदी. लोहचुंबकाला चिकटली, तर ती चांदी नाहीच. मात्र चुंबकाला न चिकटणारे स्वस्त धातूही असतात, त्यामुळे महाग वस्तू वुआलायच्या दुकानातून पावतीसह घेणे बरे.
- प्रश्न विचारा. कोणत्या गावचे, कुणी केले, किती दिवस लागले? स्वतः करणारी किंवा गावातून माल आणणारी व्यक्ती मोडक्या इंग्रजीत का होईना, उत्तर देते.

भाव करावा का?

खाद्यपदार्थांचे भाव ठरलेले असतात. तिथे घासाघीस करणे वाईट दिसते. वस्तूंमध्ये दोन-तीन नग एकत्र घेतल्यास थोडी सूट मागायला हरकत नाही आणि ती हसतमुखाने मिळतेही. पण सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करण्याची आपली सवय इथे चालत नाही. थायलंडमध्ये आवाज चढवणे अपमानास्पद मानतात.

त्यातही फरक करावा. घाऊक आणलेल्या छापील विजारीवर २० बाट कमी झाले, तर नफा थोडा घटतो. हाताने विणलेल्या कापडावर ५० बाट कमी झाले, तर ते मजुरीतून जातात. आपल्यासाठी ती रक्कम दीडशे रुपयांच्या आतली असते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

रस्ता काही तासांसाठी माणसांना देण्याचा प्रयोग आपल्याकडेही झाला आहे. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केले. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनमुक्त ठेवते. मात्र एका दिवसाच्या उत्सवावर कारागिराचे घर चालत नाही. ठरलेला वार लागतो. ग्राहकाला सवय लागते, विक्रेत्याला माल किती आणायचा याचा अंदाज येतो आणि महापालिकेलाही कचरा, पार्किंग आणि रुग्णवाहिकेच्या मार्गाचे नियोजन पुन्हा पुन्हा नव्याने करावे लागत नाही.

कायद्याची चौकट तयार आहे. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात. परंपरेने भरणाऱ्या ‘नैसर्गिक बाजारां’नाही हा कायदा मान्यता देतो. रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहेच, त्यामुळे रहिवाशांची झोप आणि बाजार यांचा मेळ घालता येऊ शकतो.

वस्तूंचीही कमतरता नाही. वारली चित्रे, कोल्हापुरी चप्पल, पैठणी आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्याकडे आहेत. पण त्यांची विक्री बहुतांशी वार्षिक प्रदर्शने आणि दुकानदारांमार्फत होते. दर आठवड्याला ग्राहकाच्या समोर बसायची जागा मिळाली, तर मधला हिस्सा कमी होतो. पण त्या जागेवर छापील वारलीची पिशवी आणि हाताने रंगवलेली पिशवी शेजारी शेजारी आली, तर काय करायचे, हे आधीच ठरवावे लागेल. चियांग माईला आज छळणारा प्रश्न हाच आहे.

थोडक्यात काय लक्षात ठेवावे?

रविवारी पाचच्या सुमारास था फे गेटपासून सुरुवात करावी. सहाला राष्ट्रगीतासाठी थांबावे. आधी एक फेरी नुसती पाहण्यासाठी आणि परतताना खरेदीसाठी ठेवावी. खाणे मंदिराच्या आवारात बसून खावे, पण तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पाच स्वस्त पिशव्यांऐवजी एक पारखून घेतलेली पिशवी आणावी. ती उलटी करून पाहिली, मागचे टाके मोजले आणि विकणारीने किती दिवस लागले ते सांगितले, तर किंमत महाग वाटत नाही.